डोंगा गल्लीनं गेला

माझ्या सासूबाईंनी मला शेवंताबद्दल सांगितलं ते प्रतापनगरच्या आमच्या गच्चीवर, मुगवड्या टाकता टाकता. लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत भाजीत मीठ कमी पडल्याचं त्यांनी मला हजार वेळा ऐकवलं असेल, पण ऋषिकेशच्या आधी आपल्याला एक मुलगी होती, हे एकदाही नाही.

आठ महिन्यांची असताना ती तापानं गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. गावाबाहेरच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली तिला ठेवलं. दोन वर्षांनी ऋषिकेश झाला, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी बजावलं की मागच्या लेकराचं नाव आता काढायचं नाही, काढलं तर पुढच्याला लागतं. सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, ते एक्कावन्न वर्षं पाळलं. मधे धरण आलं आणि गाव उठलं. माणसं, गुरं, घरांची लाकडं, दारांच्या चौकटी सगळं हललं. मारोतीसुद्धा ट्रॅक्टरवर बसून नव्या गावठाणात गेला. शेवंताला कोणी नेलं नाही.

आता गाव बारा महिने पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दीड-दोन महिने फक्त ते टेकाड वर येतं. आणि सासूबाईंच्या मनात एकच धसका बसला होता, की इतक्या वर्षांत पाण्यानं माती खाल्ली असेल आणि लेकरू उघडं पडलं असेल.

"मले एकदा पाहू दे वं वंदना," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगावर माती हाय का नाई, एवढंच पाहाचं हाय. आन ऋषीले सांगू नोको."

मी तोंडाळ आहे, हे उमरेडच्या माझ्या माहेरी आणि इथे सासरी दोन्हीकडे मान्य आहे. पण त्या दिवशी मी नुसत्या मुगवड्या टाकत राहिले. मी रामदासपेठेत एका लॅबमध्ये काम करते. सासूबाईंच्या हृदयाचा रिपोर्ट आठ दिवसांपूर्वीच माझ्या हातून गेला होता. पुढच्या उन्हाळ्याचं काही खरं नाही, हे डॉक्टरांनी न सांगताही मला कळलं होतं. म्हणजे जायचं तर याच वर्षी, मिरग लागून पाणी चढायच्या आत.

नव्या गावठाणात आनंदराव म्हणून त्यांचे जुने शेजारी राहतात. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, तिथल्या ढिवरांचा जुना डोंगा मोडला, आता पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात, म्हातारीला ट्यूबवर कसं बसवणार? ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा नवा डोंगा मात्र होऊन राहिलाय. कुठे, तर नागपुरात, वाडीला. आमच्या घरापासून स्कूटरनं वीस मिनिटं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

वाडीत गोदामं आणि ट्रक सोडून दुसरं काही असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. अमरावती रोडवरून आत वळलं की ट्रकच्या बॉड्या बांधणारे कारखाने लागतात. त्यातल्या एकाच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबट शेड होती. समोर वेल्डिंगच्या ठिणग्या, हातोड्यांची ठणठण, आणि मागे त्या शेडमध्ये शिरलं की सगळं एकदम मंद. पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाचे दोर खाली सोडल्यासारखे दिसत होते आणि त्यातून लाकडाचा भुसा हळूहळू फिरत होता. मधोमध डोंगा. निम्मा झालेला, फासळ्या उघड्या, वीसेक फूट लांब. जवळपास कोसभर पाणी नाही आणि हा आपला शांतपणे बसलेला. मला उगाच वाटलं की पाणीच कधीतरी चालत इथपर्यंत येणार आहे आणि यानं ते आधी ऐकलंय.

बळीराम त्याच्या पोटात बसून वाकसानं फळी तासत होता. साठीचा, काटकुळा, भंडाऱ्याकडचा ढिवर. दिवसभर ट्रकच्या फळ्या ठोकायच्या आणि उरल्या वेळात डोंगा, असा त्याचा नेम. बापानं सतरा डोंगे केले, यानं अकरा, आणि पुढे कोणी करणार नाही, असं त्यानं पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. सासूबाईंनी त्याला शेवंताचं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, टेकाडावर जायचंय, माझं माणूस आहे तिथे. बळीरामनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातला वाकस खाली ठेवला.

"पाण्यात ज्याचं माणूस हाय, त्याची पयली फेरी, माय," तो म्हणाला. "आमच्यात तसंच हाय."

त्यानंतर दर रविवारी आम्ही वाडीला. ऋषिकेशला सांगायचो की कीर्तनाला जातो. तो विमा कंपनीत आहे. जन्मभर विमा विकलेल्या माणसाला खुर्चीवर बसलेल्यातही धोका दिसतो, त्याला पाणी आणि हृदयरोग एका वाक्यात सांगायची माझी छाती नव्हती.

ते रविवार मला आता धड आठवत नाहीत, म्हणजे एकमेकांत मिसळून आठवतात. बळीराम एका फळीला एका बाजूनं ओलं फडकं गुंडाळायचा, दुसऱ्या बाजूनं जाळ दाखवायचा आणि ती फळी त्याच्या हाताखाली हळूहळू वाकायची, झोपेत माणूस कूस बदलतो तशी. सासूबाई डोंग्यात चढून बसायच्या. भिंतीपलीकडे ट्रक घरघरत असायचे. थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागायचा. जाग आली की म्हणायच्या, जाऊन आली. कुठे, असं मी विचारत नव्हते. फळी ठोकताना बळीराम त्यांना उठवायचा नाही, तेवढं सोडून बाजूचं काम काढायचा.

एकच गोष्ट आम्हा दोघींच्या डोळ्यांत खुपत होती. फळ्या लागल्या, सुताचे पीळ राळेत बुडवून सांध्यांत ठोकले, तरी आतून पाहिलं की कुठे कुठे फटीतून उजेड दिसायचा. मी कोष्ट्याची मुलगी. असं विरळ कापड विणलं असतं तर आमच्या आजोबांनी ते विणणाऱ्याच्या तोंडावर मारलं असतं. सासूबाईंना तर त्या फटी रात्री स्वप्नात दिसायला लागल्या. बळीरामला विचारलं की तो म्हणायचा, होते बरोबर. एवढंच. कारागीर माणूस, त्याला जे उघड दिसतं ते दुसऱ्याला सांगावं लागतं, हे त्याच्या गावीच नाही.

मग तो रविवार आला. बळीराम पुतण्याच्या लग्नाला भंडाऱ्याला गेला होता. चौकीदार ओळखीचा झाला होता, त्यानं शेड उघडून दिली. सासूबाई डोंग्यात बसल्या आणि मी स्कूटरचं पंक्चर काढायला गेले. पंक्चरवाल्यानं दीड तास लावला. परत आले तर शेडमध्ये शेणाचा वास. सासूबाईंनी मागच्या तबेल्यातून शेण आणवलं होतं, कुठूनशी पांढरी माती मिळवली होती, आणि अख्खा डोंगा आतून सारवून काढला होता. गावी धान्याची कणगी सारवायच्या, अगदी तसा. बोटांच्या कमानी उमटलेल्या, एकीत एक गुंतलेल्या, टोकापासून टोकापर्यंत. खरं सांगते, फार सुंदर दिसत होतं. मीही कौतुक केलं. दोघी शहाण्या.

बुधवारी बळीरामचा फोन आला. आवाज चढला नव्हता, पण लगेच या म्हणाला. आम्ही गेलो तेव्हा तो डोंग्याच्या काठावर बसला होता, बिडी विझलेली. वाळलेल्या सारवणावरून त्यानं हात फिरवला.

"हे लाकूड तहानेलं हाय, माय," तो म्हणाला. "डोंगा आधी बुडवा लागते. तीन दिवस पाण्यात ठेवला की लाकूड पानी पेते, फुगते, आन फटी आपल्या आपण मिटते. फटीत माती रायली तं ते मिटनार कशी?"

सासूबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. कणगीत दाणे ठेवायचे असतात, तिला पाण्यापासून वाचवायचं असतं. आयुष्यभर शेतावर राहिलेल्या बाईला कोण सांगणार की एखादी वस्तू वाचवायची तर आधी बुडवावी लागते? बळीराम म्हणाला, सगळं खरवडायचं, दोन सांधे उकलून सूत नवं भरायचं. म्हणजे दहा दिवस. आणि मिरगाला राहिले होते अठरा.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमधून रजा घेतली आणि दोघी खरवडायला लागलो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, तोंडावर आला होता. पत्र्याखाली नुसती भट्टी. सासूबाई ओला पदर डोक्यावर घेऊन, चमच्यानं, एकेक कमान काढत होत्या. त्यांच्या ओठांचा रंग मला आवडत नव्हता. मी थांबा म्हटलं की त्या म्हणत, माह्या हातानं घातलं, माह्याच हातानं काढीन. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा, कारण त्यांना इथे आणलं मीच होतं.

तिसऱ्या दिवशी ऋषिकेश दुपारी घरी आला आणि त्याला कुलूप दिसलं. फोनवर मी खोटं बोलू शकले नाही. अर्ध्या तासात तो वाडीला हजर, ऑफिसच्या कपड्यांत, लालबुंद. मग जे काही बोलला ते एक अक्षर चुकीचं नव्हतं. चौऱ्याहत्तर वय, शेहेचाळीस डिग्री, असलं हृदय, आणि बुडालेल्या गावात आहे काय पाहायला? मला वेगळं सुनावलं, बळीरामला वेगळं. बळीराम रंधा मारत राहिला. सासूबाईंनी मान वर केली नाही. त्याचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "ऋषी, तो कोपरा होत नाई माह्याच्यानं. हात पुरत नाई."

मग त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या आणि डोंग्यात उतरून त्या कोपऱ्यात हात घातला. सव्वीस वर्षांपूर्वी मी या माणसाशी लग्न का केलं, ते मला त्या क्षणी आठवलं. संध्याकाळी परतताना त्यानं विचारलं, आईला तिथे का जायचंय. मी म्हटलं, तिलाच विचार. त्यानं विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

तिघांचे हात लागले म्हणून दहा दिवसांचं काम आठात झालं. टेम्पोत डोंगा चढवला आणि आम्ही मागून गाडीनं. पाण्याच्या काठी पोरांनी तो खाली सरकवला, बळीरामनं आत मोठमोठे दगड भरले आणि सगळ्यांच्या देखत तो डोंगा बुडायला लागला. फटींतून पाणी धारेनं आत आलं. ऋषिकेश ओरडत पाण्यात शिरला, कोणीतरी त्याला धरलं. सासूबाई मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शांत बसल्या होत्या. त्यांना आता माहीत होतं.

तीन दिवस आम्ही आनंदरावांकडे राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी सूर्य उगवायच्या सुमारास दगड काढले, पाणी उपसलं. मी आत वाकून पाहिलं. एका फटीतूनही उजेड येत नव्हता. बळीरामनं सासूबाईंना हात दिला, त्यांच्यामागून आम्ही दोघं बसलो.

पाणी इतकं स्थिर होतं की वल्हं घालताना आपण काहीतरी मोडतोय असं वाटत होतं. धुरकट पांढरा उजेड सगळीकडे सारखाच, वर कुठे संपतो आणि खाली कुठे सुरू होतो ते कळेना. टेकाड समोर दिसत होतं, सरळ गेलं तर पाव तासाचा रस्ता. निम्म्यात आल्यावर सासूबाई एकदम ताठ झाल्या. पलीकडची डोंगररांग आणि तिच्यातली खिंड त्यांनी डोळे बारीक करून पाहिली.

"थांब गा," त्या बळीरामला म्हणाल्या. "हे गाव लागलं. कोनाच्या घरावरून जाऊ नोको."

दुसरा कोणी असता तर हसला असता. बळीरामनं वल्हं वर घेतलं. डोंगा जागच्या जागी थांबला.

"मंग कुठून नेऊ, माय?"

"गल्लीनं ने. इथून उजवीकडे."

आणि तो उजवीकडे वळला. त्या उघड्या, सपाट पाण्यावर आमचा डोंगा गल्लीनं जायला लागला. पन्नास हात सरळ, मग डावीकडे, कारण समोर कुणाचीशी भिंत. मारोतीच्या पाराला उजवी घालून. तो मारोती नव्या गावठाणात गेलाय हे त्यांना ठाऊक होतं, तरी हात जोडले. विहीर आली तेव्हा म्हणाल्या, इथे हळू, पोरी पाणी भरून राहिल्या. बळीरामनं वल्हं नुसतं टेकवलं. लांब ट्यूबवर बसलेला एक ढिवर जाळं सोडून आमच्याकडे पाहत होता. त्याला वाटलं असेल, हे लोक वाट चुकले.

मी पाण्यात पाहिलं. खाली फक्त हिरवट अंधार होता. पण शपथेवर सांगते, त्या वळणांवर माझं अंग आपोआप आत चोरलं जात होतं, अरुंद बोळातून जाताना चोरतो तसं. एके ठिकाणी सासूबाईंनी थांबायला सांगितलं. ऋषिकेश काठावरून वाकला.

"इथं गोठा होता," तो म्हणाला. "माझी सायकल इथं उभी राहायची."

मग आम्ही तिथून निघालो, गावाची शेवटची दोन घरं डाव्या हाताला टाकून, बैलगाडीच्या जुन्या वाटेनं टेकाडाला लागलो.

मोहाचं झाड नव्हतं. खोडसुद्धा नाही. सगळीकडे वाळलेला गाळ, भेगा पडलेला. सासूबाई खिंडीकडे पाहत एका बाजूला गेल्या, परत फिरल्या, दुसऱ्या बाजूला गेल्या. तीन वेळा त्यांनी टेकाड पालथं घातलं. जागा सापडेना. मी त्यांचा दंड धरला होता, त्यांची छाती धाडधाड उडत होती. गावातल्या प्रत्येक घराचा कोपरा ज्या बाईला पाण्याखालून दिसला, तिला तिच्या लेकराची जागा सापडत नव्हती. मला वाटलं, आता या इथेच कोसळतात.

तेव्हा बळीराम डोंग्यातला बांबू घेऊन आला. कोणाला काही न विचारता त्यानं तो खालची जुनी घट्ट जमीन लागेपर्यंत गाळात खुपसला. काढला, दोन पावलं सरकला, पुन्हा खुपसला. असं करत तो माथ्यावर सगळीकडे फिरला. आम्ही नुसते पाहत होतो. शेवटी तो सासूबाईंसमोर येऊन उभा राहिला आणि बांबूवर ओला झालेला भाग त्यानं त्यांना दाखवला.

"सगळीकडे हातभर माती चढली हाय, माय. कुठंच कमी नाई."

सासूबाईंनी तो ओला बांबू बोटांनी चाचपला, वरपासून खालपर्यंत. मग त्या जिथे होत्या तिथेच मांडी घालून बसल्या आणि रडल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ऋषिकेश घाबरून जवळ आला. त्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं, त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. एक्कावन्न वर्षं याला काही होऊ नये म्हणून तोंड शिवून घेतलं होतं. मग त्यांनी समोरच्या गाळावर तळहात ठेवला.

"शेवंता," त्या म्हणाल्या, "हा ऋषी. तुह्या भाऊ. केस पिकले त्याचे, पन तुह्याहून लहानच हाये."

ऋषिकेशनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं आईच्या हाताकडे पाहिलं, खालच्या मातीकडे पाहिलं. मग उठून बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले.

"आई," त्यानं विचारलं, "पाय कोणीकडं हायेत तिचे?"

सासूबाईंनी क्षणभरही न अडखळता हात केला. ऋषिकेश त्या बाजूला गेला, गुडघे टेकले आणि मोठ्या बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं.